अटकेचा कागद

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. दौंडच्या बाजारात ऑनलाइन कामांचं दुकान चालवतो. पोलिसांच्या साइटवर अटक झालेल्यांची यादी बघायला येणारे लोक नाव दबक्या आवाजात सांगतात. भांडगावकडची ती बाई मात्र पदर खोचून मोठ्यानं म्हणाली, "माझंच नाव बघ."

"मावशी, काय केलंत?"

"भुयारी रस्ता पायजे म्हणून आम्ही बाया हायवेवर बसलो. अटक झाली. आता रस्ता मंजूर झाला, आन् आज सत्कार निस्त्या गड्यांचा! सरपंच म्हणतोय, बायांना अटक झालीच न्हाई."

यादीत नाव सापडलं. त्या ओळीवर तिनं बोट ठेवलं, ते प्रिंट निघेपर्यंत उचललंच नाही. मी कागद पाकिटात घालू लागलो.

"पाकीट चोराला दे. म्या काय चोरी केली?"

माझी पदवी दुकानात भिंतीवर लावलेली आहे. तिचा कागद त्याच तोलाचा होता, हे मी कुणालाही सांगेन.

अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवून कागद छातीशी धरत ती वडापच्या जीपमध्ये चढली. शेजारच्यानं विचारलं, "काय हाय मावशी?"

"वाच की! मोठ्यानं वाच."