पहिल्या वर्षीचा बर्फ

लडाखच्या लष्करी छावणीत आइस हॉकीचे मैदान गोठवण्याचे काम वैजनाथ चांदगुडे यांच्याकडे आले, तेव्हा कोपरगावच्या उसाला दारे धरण्याची त्यांच्या हातांची सवय मोडलेली नव्हती. असा बर्फ पातळ थरांवर थर देत चढवायचा असतो. त्यांनी मात्र बांध घालून मैदान उसाच्या वाफ्यासारखे एकदाच तुडुंब भरले. वरचे पाणी गोठले, खालचे मातीत जिरले आणि मध्ये पोकळी राहिली.

सामना त्या पोकळीवर झाला. संगमनेरचे रज्जाक शेख खेळाच्या चकतीमागे वेगाने आले आणि त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. मागच्या तिघांना थांबता आले नाही. एकाचा गुडघा रज्जाक यांच्या तोंडावर आदळला. दुसऱ्याच्या बुटाखालचे पोलादी पाते त्यांच्या डाव्या पंजावरून गेले. दोन बोटे हातमोज्यातच राहिली. शिट्टी वाजल्यावरही तिसऱ्याने पडलेल्या माणसाच्या बरगडीत काठी घातली. प्रेक्षकांतून आरोळी उठली. ती आनंदाची होती, हे नोंदवणे भाग आहे.

रज्जाक उठले आणि उजव्या हातात काठी घेऊन कडेला उभ्या वैजनाथांवर धावून गेले.

"उसाचा फड समजला व्हय रे ह्याला?"

पहिल्या घावाने खांद्याचे हाड मोडले, दुसऱ्याने दोन दात पडले. वैजनाथांनी हात वर केला नाही.

हाड सांधल्यावर त्यांनी तेच काम पुन्हा मागून घेतले. पुढचे अकरा हिवाळे त्यांनी थरावर थर चढवला. त्या बर्फाने कोणालाही गिळले नाही.

आता दोघेही निवृत्त आहेत. यंदा संगमनेरमध्ये माजी सैनिकांच्या एका मंडळाने जिल्ह्यातील आइस हॉकीपटूंचे सन्मान दालन उघडले. खेळाडूंत रज्जाक यांची तसबीर लागली. मैदान घडवणाऱ्यांत वैजनाथांचे नाव घ्यावे की नाही, हे ठरवायला दोघांसमोर बैठक बसली आणि मत आधी रज्जाक यांचे विचारले गेले.

"लावा. बोटं गेल्यावर मी खेळलो तो बर्फ ह्याचाच."

अध्यक्ष आबासाहेब म्हणाले, "मग पाटीवरून पहिलं वर्ष गाळू. भिंतीवर रक्त नको."

"न्हाई साहेब," वैजनाथ म्हणाले. "ह्याची बोटं गाळून माझं नाव लावू नका."

"आणि माझी काठीही लिहा," रज्जाक म्हणाले. " नाहीतर हा सांगत फिरेल, पडून हाड मोडलं."

"घरी तेच सांगितलंय, रज्जाकभाई. बायको आजून म्हनती, सपाट जागी पडनारा ह्यो एकच मानूस!"

आबासाहेब हसले नाहीत. "सन्मानाला हे शोभत नाही."

रज्जाक यांनी स्वतःची तसबीर खिळ्यावरून ओढून फरशीवर आपटली. काचा उडाल्या. "मग मीही शोभत न्हाई!" कोणीतरी त्यांची कॉलर धरली; त्यांनी कोपराने त्याचे नाक फोडले. रक्त दालनातच सांडले.

दोघेही अडून राहिले, तेव्हा पाटी अखेर त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लागली. तिच्यावर लिहिले आहे: वैजनाथ चांदगुडे, मैदान घडवणारे. पहिल्या वर्षी त्यांच्या चुकीने रज्जाक शेख यांची दोन बोटे गेली. शेख यांनी काठीने त्यांचे हाड मोडले. पुढची अकरा वर्षे बर्फ टिकला.