उन्हात मागे पडणारं घड्याळ

सन २००९, ऐन मे महिना, ग्वाल्हेरात लूचा गरम वारा सुटलेला. किस्से शोधत हिंडावं लागत नाही; फाटकावर उभं राहिलं की माणसं येता-जाता टाकून जातात. मी चौकीदार. शाळा चौथीपर्यंत. पाहिलं तेवढंच सांगतो.

त्या वर्षी मालकांनी माधवगंजचं आणि नई सडकचं गोदाम एक केलं. माणसं आली, आपापलं भिंतीवरचं घड्याळही घेऊन आली. दोन्हींत फरक. माधवगंजवाले आपलं घड्याळ बघून जेवायला उठायचे, नई सडकवाले आपलं. हुशार होते ते दोन्ही वेळा उठायचे.

मॅनेजर भदौरिया साहेबांनी दोन्ही घड्याळं उतरवली. माझ्या पत्र्याच्या केबिनमध्ये हजेरीचा कॉम्प्युटर बसवला. येताना कार्ड लावा, जाताना लावा. म्हणाले, "अब यहाँ एक ही टाइम चलेगा."

चाललं. पण हळू चाललं.

*

ऑफिसातला तिवारी रोज सकाळी मोबाइल बघून कॉम्प्युटरची वेळ लावायचा. संध्याकाळपर्यंत ती मागे. त्याने आतला सेल बदलला. तरी मागे. मग त्याला वाटलं, धूळ जात असेल. बायकोकडून झालरीचं कव्हर शिवून आणलं, कॉम्प्युटरला घातलं.

त्या दिवशी घड्याळ आणखी मागे पडलं. तिवारी म्हणाला, "काका, ओढ़ के सो गया."

*

पोती शिवणाऱ्या जाधवबाई सहाच्या ठोक्याला निघायच्या. घरी सासू अंथरुणाला खिळलेली. बाकीचे चहा, गप्पा करून निघत, म्हणून वाचले. बाईंच्या नावावर मात्र रोज 'वेळेआधी गेल्या' असं चढायचं.

हजेरी कमी भरेल त्याला लांब श्योपूरच्या गोदामात पाठवायचं ठरलं होतं. साहेबांनी बाईंना फाटकावरच अडवलं. सगळ्यांसमोर कामचोर म्हणाले.

मी माझं मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. सहा वाजून गेले होते. साहेब म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही.

म्हटलं, "मीपण नाही."

जाधवबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मशीन तपासा. ते खरं निघालं तर मी स्वतः श्योपूरची बस पकडते. पण तोवर कामचोर म्हणवून घेणार नाही."

*

साहेबांनी दर्पण कॉलनीतल्या कुलकर्णी इंजिनीअरला बोलावलं. तो भर दुपारी माझ्या केबिनमध्ये घाम पुसत बसून राहिला. मग झालरीचं कव्हर काढलं आणि हसला.

म्हणाला, मशीनच्या बोर्डातच एक लपलेला प्रोग्राम आहे. मशीन तापलं की तो सगळं काम थांबवतो, ताप बघतो, पंखा वाढवतो. तेवढ्यात घड्याळाचे ठोके मोजायचे राहतात. उन्हात हे सारखंच होतं.

मला कळेना. तो म्हणाला, "काका, तुम्ही फाटकातून जाणारे ट्रक मोजताय आणि मी मधेच तुमचे डोळे झाकतो. तेवढ्यात गेलेले ट्रक राहिले. आणि डोळे झाकले होते हेही तुम्हाला कळत नाही."

मी म्हटलं, "झाकून दाखव."

*

कुलकर्णीने बोर्डात नवीन प्रोग्राम भरला. कॉम्प्युटर साहेबांच्या गार खोलीत गेला. वेळ बरोबर पडू लागली, बाईंचं श्योपूर रद्द झालं. सगळे म्हणाले, मिटलं.

बाई म्हणाल्या, "अर्धंच मिटलं. साहेबांकडे माझं येणं आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्या सहाला कार्ड लावून घरी जाईनात. शेजारणीला सासूजवळ बसवलं होतं. फाटकाशी, जिथे साहेब बोलले होते तिथेच, त्या उभ्या राहायच्या. साहेबांची गाडी बाहेर पडली की निघायच्या. बोलायच्या नाहीत, रस्ताही अडवायच्या नाहीत.

साहेब आधी काच वर करायचे. मग लवकर निघू लागले. तिवारी म्हणाला, आता वेळेआधी कोण जातंय बघा. बाई दुपारच्या सुट्टीतही उभ्या राहू लागल्या. मी एकदा म्हटलं, सावलीत तरी या. म्हणाल्या, "बोलणं उन्हात झालं होतं, भाऊ."

एका संध्याकाळी माणसं सुटायच्या वेळेलाच गाडी फाटकाशी थांबली. साहेब उतरले. चहावाले, हमाल, तिवारी, सगळे जागच्या जागी.

साहेबांनी हात जोडले. "जाधव बाई, आप कामचोर नहीं हैं. मैंने ग़लत कहा था. यहीं कहा था, यहीं वापस लेता हूँ."

बाईंनी पिशवी उचलली. मी फाटक उघडलं.