बाबलमामाची इम्पाला हरवली होतीच कधी?

काल माझा बाबलमामा गेला, आणि आज सकाळी पहिला फोन आला तो त्याच्या फोटोसाठी.

फोन कुणाचा, ते सांगते. आधी गाडीचं ऐका.

मामा तरुणपणी मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होता. शेठची गाडी १९५९ची इम्पाला, मागे दोन पंख पसरलेली, सरळ अमेरिकेहून आलेली. पुढे शेठच्या मुलांना ती नकोशी झाली. म्हणे पेट्रोल फार पिते. शेठने किल्ली मामाच्या हातात ठेवली.

मामा ती घाट उतरून कोकणात, आमच्या तोंडवलीला घेऊन आला.

आमच्या वाडीतली प्रत्येक नवरी त्या गाडीतून सासरी गेली. मीही गेले.

समुद्रकाठी लोखंड टिकत नाही. मामाची गाडी टिकली, कारण तो तिला होडीसारखी ठेवायचा. पावसाआधी होड्या वर ओढल्या की गाडी जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर चढायची, वर माडाच्या विणलेल्या झापांचं छप्पर. आणि खालून काजूच्या टरफलांचं काळं तेल, होडीला लावतात तेच. त्या तेलाने हाताची सालं निघायची त्याच्या.

मी ओरडायचे. तो म्हणायचा, "खारो वारो लाकडाक खाता, तसो लोखंडाकव खाता गो."

नारळी पौर्णिमेला एक नारळ दर्याला, दुसरा इम्पालाला. मगच ती बाहेर निघायची.

मग गुडघे गेले. "माका आता गाडयेखाली शिराक जमणा नाय. माझ्या दारात ती गंजान मराक नको."

तेव्हा मुंबईहून एक साहेब आले. जुन्या गाड्या जमवणारे. मामाने घासाघीस केली नाही. अट एकच.

"वर्षातना एकदा, नारळी पुनवेक, ती माझ्या दारात हाडूक व्हयी. ठेवा हात नारळार."

साहेबांनी हसत हसत नारळावर हात ठेवला. आमच्याकडे त्याच्यापुढे कागद लागत नाही. तिथेच फसलो.

एकदाही आणली नाही. एकदाही!

दर नारळी पौर्णिमेला मामा दाढी करून, पांढरा शर्ट घालून, नारळ मांडीवर घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसायचा.

"मामा, जेवून घे."

"येतलो गो तो. शब्द दिल्यान हा."

मी फोन केला तर साहेब म्हणाले, "अहो, तुमचे रोड बघा ना. एक ओरखडा पडला तरी व्हॅल्यू खाली येते."

मग एका मासिकात तिचा फोटो बघितला. खाली लिहिलेलं, 'कोकणातल्या एका गोठ्यात सापडलेली इम्पाला. तळ आश्चर्यकारकरीत्या शाबूत.'

गोठा? मामाने जन्मात गाय पाळली नाही!

सापडली? हरवली होतीच कधी? आणि आश्चर्य कसलं डोंबलाचं? त्या तळाखाली एका माणसाच्या हाताची सालं गेलीत.

मामाला मी ते दाखवलं नाही. यंदाही तो पांढरा शर्ट घालून, नारळ मांडीवर घेऊन बसला होता.

आज सकाळी तेच साहेब. बातमी कुठून लागली कोण जाणे.

"मॅडम, फार वाईट झालं. मामांचा गाडीसोबतचा जुना फोटो मिळेल का? ड्रायव्हरच्या कपड्यातला असेल तर उत्तम. गाडीला हिस्टरी असली की व्हॅल्यू वाढते."

इतका वेळ मी अहोजाहो करत होते. तिथे तोंड सुटलं.

"मेल्या, हिस्टरी काल जाळून आलो आम्ही."

ठेवला फोन.

म्हणून या पोस्टला फोटो नाही. वाडीतल्या पोरींनो, तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मामा आहे, स्टिअरिंगवर हात ठेवून, तुमच्यापेक्षा जास्त नटलेला. कुणी तो फोटो मागितला तर देऊ नका. शप्पथ आहे तुम्हाला.

बाबलमामा, आता रस्त्याकडे बघत बसू नको.

तो नारळ मी दर्याला दिला रे.