गरीब मुलांसाठी भरलेला खोका
२०१९ साली, अडुसष्टाव्या वर्षी, मी मुलाकडं जर्मनीत गेलो होतो. नव्या बुटाच्या खोक्याचा वास आला की डार्मश्टाटची ती संध्याकाळ आठवते. मुलगा तिथं विद्यापीठात गरीब देश मागं का राहतात ते शिकवायचा. नात शाळेतर्फे गरीब देशांतल्या पोरांना पाठवायला बुटाच्या खोक्यात पेन्सिली, मोजे, चॉकलेटं भरत होती. मधेच माझ्याकडं बघून जर्मनमध्ये काहीतरी बोलली. मुलगा म्हणाला, "बाबा, ती विचारतेय, लहानपणी तुम्हाला असा खोका आला असता तर त्यात काय हवं होतं?" मी ताडकन म्हणालो, "काही नको! आम्ही भिकारी नव्हतो." नातीला मराठी बोलता येत नसलं तरी कळतं. ती खोका उचलून आत गेली. मुलगाही उठला. मी एकटाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मी गावाहून आणलेला कोरा पंचा त्या खोक्यात सगळ्यात वर ठेवला.