तळं भरल्याचं वाण

माझी थोरली बहीण, आमची अक्का, तळ्याच्या खालच्या गल्लीत राहायची. भावजी गेल्यावर एकटीच. माझं घर त्याच गल्लीत, पण चढावर, म्हणून मी कोरडी. तिचं अगदी खाली, राजकालुव्याला लागून. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या त्या तुंबलेल्या नाल्याला इतकं राजेशाही नाव कुणी दिलं कोण जाणे! लागोपाठ दोन पावसाळे त्याचं पाणी तिच्या घरात शिरलं, तेव्हा शहराबाहेर होसकोट्याला राहणाऱ्या तिच्या मुलाने निक्षून सांगितलं, "अम्मा, आणखी एकदा पाणी आलं तर मी ऐकणार नाही. घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं." अक्काला मरेपर्यंत तिथेच राहायचं होतं. नाल्यातला गाळ निघतो की नाही, एवढ्यावर तिचं सगळं अडलं होतं.

म्हणून ती तक्रारी द्यायची आणि वॉर्डाच्या सभेला मलाही ओढून न्यायची. आमच्याकडे तळ्याला आणि नाल्याला मिळून एकच पैसा येतो. सभेत गर्दी तळ्याकाठच्या अपार्टमेंटवाल्यांची. त्यांना फिरायला फरशीची वाट हवी, दिवे हवेत, कमान हवी. त्यांच्यात पुण्याहून आलेला एक आयटीवाला होता. या कन्नड शहरात आम्ही घरी मराठी बोलतो हे कळल्यावर त्याला कोण आनंद! "काकू, लेकचं ब्यूटिफिकेशन झालं ना, की अख्ख्या एरियाची व्हॅल्यू वाढेल."

"वाढू दे की रे," अक्का म्हणाली. "आधी माझ्या स्वयंपाकघरात पाणी येतंय ते थांबवा."

तो हसला. त्याला तो विनोद वाटला असावा.

वाट, दिवे, कमान मंजूर झाली. उरलंसुरलं नाल्याच्या वाट्याला आलं. त्यात एक यंत्र आलं, त्याने गाळ उपसला आणि नाल्याच्या काठावरच ढीग घालून ते निघून गेलं. मी वॉर्डाच्या इंजिनियरला गाठलं. तो म्हणाला, "अम्मा, एस्टिमेटमध्ये गाळ काढायचे पैसे आहेत, उचलून न्यायचे नाहीत. ते पुढच्या बजेटात बघू. स्वल्प अड्जस्ट माडी." थोडं सांभाळून घ्या म्हणे! केर काढून उंबऱ्यातच ठेवणारी सून असती, तर तिच्या माहेरचा उद्धार झाला असता. इथे बिल निघालं. दोन मोठ्या सरींत तो ढीग परत नाल्यात जाऊन बसला. येरे माझ्या मागल्या.

त्याच पावसाळ्यात तळं भरलं आणि कोडीवरून, म्हणजे जादा पाणी नाल्यात पडायच्या बांधावरून, वाहू लागलं. तळं असं भरून वाहिलं की इथे त्याला बागिन देतात. सुपात हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, गूळ, तांदूळ भरायचे, वर दुसरं सूप झाकायचं आणि सवाष्णींनी ते पाण्यात सोडायचं. मांडव पडला, स्पीकर लागले, पुढारी आले. हा खर्च म्हणे तळ्याच्या देखभालीतलाच. मला बोलावणं आलं. अक्काला नाही. तळ्याच्या पाण्याने जिचं घर दोनदा बुडालं, तिला त्याच तळ्याच्या पूजेला जागा नाही, कारण तिचा नवरा नाही. मी गेले नाही. मला संताप आला होता, आजही येतो.

त्या दुपारी पुन्हा धो धो पाऊस आला. वरती स्पीकर चालूच होते. मी धावत खाली गेले तर अक्काच्या घरात गुडघाभर पाणी, आणि ती तांदळाचा डबा पोटाशी धरून कॉटवर बसलेली. कोडीवरून नाल्यात, नाल्यातून गल्लीत, असं करत एक सूप तिच्या स्वयंपाकघरात येऊन गॅसच्या ओट्याला टेकलं होतं. खण भिजून चोळामोळा झालेला, बांगड्या मात्र शाबूत.

"बघ गं, बोलावणं नाही केलं, पण वाण घरपोच दिलं," अक्का म्हणाली आणि हसली. मला रडू आलं.

रविवारी मुलगा गाडी घेऊन आला. ती भांडली नाही. घर विकायला काढलंय, पण पाणी शिरणारं घर घेणार कोण? ते कुलूप लावून पडलं आहे. निम्मी भांडी तिने तिथेच ठेवलीत. गाळ निघाला की परत येईन म्हणते.

यंदाच्या सभेला मी एकटी गेले. इंजिनियरने वाचून दाखवलं की खालच्या गल्लीतून नाल्याची एकही तक्रार नाही, तेव्हा ती रक्कम तळ्यातल्या कारंज्याकडे वळवावी. मी उठून उभी राहिले.

"तुमच्या घरात पाणी आलं होतं का, अम्मा?"

"माझ्या नाही. बहिणीच्या."

"त्या कुठे आहेत?"

"होसकोट्याला."

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणून त्याने पान उलटलं. पुण्याच्या त्या मुलाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. "या वर्षी तरी काढतायत का गं गाळ?"

मी म्हटलं, "हो अक्का, काढतायत."