यापैकी काहीच नाही

अंबूबाईच्या रागाला मखमलाबादेत सगळे वचकून. फुलबाजारात कुणी तिच्या झेंडूच्या पाटीत हात घालून फुलं चिवडली, की ती म्हणायची, "घ्यायची तर घे, नायतर हात धुऊन ये." नवरा गोटीराम अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करायचा, तोही तिच्यापुढं आवाज चढवत नसे. पण त्या दिवशीचा राग वेगळा होता. पाट्या रिकाम्या झाल्या तशी ती तडक शाळेत गेली.

पोरगी दीपमाला, नववीतली, दोनदा प्रार्थनेला चक्कर येऊन पडली होती. रक्त कमी, दूध पाजा, असं डॉक्टरनं सांगितलेलं. घरी सकाळ-संध्याकाळ कोरा चहा, त्यात शिळी भाकरी. अशात पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं शाळेत दूध वाटायचं ठरवलं. कुणाला द्यायचं ते ठरवायला पोरांकडून इंटरनेटवर माहिती भरून घेतली: रोज काय काय, किती पिता? आणि यादीत दीपमालाचं नाव नव्हतं.

"अहो, तुमची मुलगी रोज दोन बाटल्या कोला पिते," यादव सरांनी कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला. "वर फळांचा रस. दूध तर आहेच. दूध गरजूंना द्यायचं, बाई."

"काय बोलू राह्यले तुम्ही सर? कोला? माझ्या घरात गोड पाणी येतं ते फक्त पाव्हणा आला तर!"

"तिनंच भरलंय."

दीपमालाला वर्गातून बोलावलं. ती दारातच थिजली.

"तू भरलं गं?"

"हो."

अंबूबाईचा हात उठला होता.

"आई, चित्रं होती. दूध, लस्सी, कोला, सरबत. चहाचं चित्रच नव्हतं. खाली लिहिलं होतं, यापैकी काहीच नाही." तिनं आईच्या उठलेल्या हाताकडं पाहिलं. "एका कॉम्प्युटरला तिघी. दोघी कॉलनीतल्या. माझ्या हाताकडंच बघत होत्या."

हात खाली आला. राग मात्र उतरला नाही, तो सरांकडं वळला.

"सर, तुमच्या बायकोला चार बायकांत विचारा, घरात काय शिजलं? शिजलं नसंल तरी ती पुरणपोळी सांगंल! तीन पोरी एका पडद्याम्होरं बसवल्या, आन् म्हणता खरं लिहा? आन् चहा कसा नाय त्यात? कोण शहाणा बसला होता चित्रं काढायला?"

"लहान मुलांना चहा देऊ नये, म्हणून नसेल ठेवला."

"देऊ नये म्हणून दिला जात नाय व्हय? वा रं मोजणी!"

सरांनी पुण्याला फोन लावला. पलीकडच्या मॅडमनी गोड आवाजात सांगितलं, माहिती भरायची मुदत संपली, आता बदल होत नाही, पुढच्या वर्षी बघू. "पुढच्या वर्षापर्यंत माझ्या पोरीनं पडत ऱ्हायचं का?" अंबूबाई फोनच्या तोंडावर ओरडली. फोन कट झाला होता.

सोमवारी दुधाच्या पिशव्यांचे क्रेट आले. मैदानात पोरं रांगेत बसलेली, यादव सर नावं वाचत होते. अंबूबाई फाटकातून सरळ आत आली, क्रेटमधली एक पिशवी उचलली.

"अहो बाई, मोजून आल्यात!"

"मग लिव्हा एक कमी. लिव्हा, चोरली म्हणून. माझं नाव घालून लिव्हा."

दातानं पिशवीचा कोपरा फाडत ती रांगेबाहेर, भिंतीपाशी उभ्या दीपमालाजवळ गेली. "पी."

पोरगी मान खाली घालून उभी. रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं.

"आई, घरी जा ना तू. पाया पडते."

अंबूबाईच्या मनगटावरून दूध ओघळत होतं. तिनं एकदा त्या हसणाऱ्या रांगेकडं पाहिलं, एकदा पोरीकडं. मग दंडाला धरून तिला भिंतीकडं वळवलं, पिशवी तिच्या हातात कोंबली, स्वतः रांगेकडं तोंड करून उभी राहिली, पाय फाकून, दोन्ही हातांनी पदर ताणून धरला.

"आता कोण बघतं ते बघते मी. पी तू."

मागं आधी पिशवी चुरचुरली. मग घोट गिळल्याचा आवाज आला.