खुंटीवरचं लॉकेट

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही जेऊरला जाऊन माझ्या बहिणीला सांगणार नाही.

सोलापुरातल्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. एकवीस वर्षं झाली. किरणांचं काहीही असलं की घरातले मलाच विचारतात, आणि मलाही ते आवडतं — खोटं कशाला बोलू?

काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमातून मी दोन काळी लॉकेटं आणली. ज्वालामुखीच्या दगडाची म्हणे, त्यातून ऊर्जा निघते, सांधे मोकळे होतात. एक धाकट्या बहिणीला, सुमनला दिलं. तिचे गुडघे धरलेले. थोडे किरण अंगाला चांगलेच, लसीसारखे, असंही वर ठोकून दिलं. कुठं वाचलं होतं? आठवत नाही. पण सांगणारा एक्स-रेवाला — तिनं लगेच गळ्यात घातलं.

दुसरं माझं. बायको हसली, म्हणून ते दवाखान्यातच कपडे बदलायच्या खोलीत खुंटीवर राहिलं. ड्युटी संपली की त्याच खुंटीला मी माझा बॅज अडकवतो. अंगावर किती किरण पडले ते हा बॅज टिपतो. दर तीन महिन्यांनी तो तपासायला जातो. माझा आकडा कायम नगण्य. पण लॉकेट आणल्यानंतरच्या खेपेला तो इतका आला, की वरून माझा लेखी खुलासा मागवला.

मला वाटलं, मशीनच बिघडलं. किरण मोजायचा मीटर घेऊन सगळीकडं फिरलो — काही नाही. खुंटीपाशी आलो आणि काटा हलला. लॉकेट लांब नेलं, काटा खाली बसला.

खुलाशात मी काय लिहिलं? 'बॅज नजरचुकीने एक्स-रे खोलीत राहिला.' एवढ्या वर्षांचा अनुभवी माणूस असल्या लॉकेटाला भुलला, हे लिहायची लाज वाटली. माझं लॉकेट शिशाच्या डबीत घालून कुलपात टाकलं. सुमनला त्याच दिवशी फोन करायला हवा होता ना? उद्या करू म्हटलं. मग परवा.

शेवटी तिचाच आला. तिला नातू झाला होता.

"दादा, तू दिलेलं लॉकेट बाळाच्या पाळण्याला बांधलंय. लई शांत झोपतंय की."

"बरं केलंस," मी म्हणालो.

एवढंच. डोस तसा थोडा, कदाचित काही होणारही नाही — मला खरंच माहीत नाही. पण माझं लॉकेट शिशात होतं, हे तर माहीत होतं.

पोरगा आता तीन वर्षांचा आहे. लॉकेट त्याच्या गळ्यात असतं, मधूनमधून तोंडातही घालतो. गेल्या महिन्यात ड्युटीवरून थेट जेऊरला गेलो, बॅज खिशालाच राहिला होता. मला बघून तो हात पसरून पळत आला. मी थांबलो. खिशाचा बॅज काढून पिशवीत टाकला, पिशवी लांब सरकवली. मग त्याला उचलून छातीशी धरलं.